सेवासदनाच्या रमाबाई

पूर्वी सातारा जिल्ह्यात असलेल्या व आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या देवराष्ट्रे या लहानशा गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात, २५ जानेवारी १८६२ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव यमुना. कुर्लेकरांचे घर जुन्या वळणाचे व धर्मनिष्ठ होते. त्या काळी अशा घरांतून मुलींना अक्षरओळख करून देण्याचा प्रघात नव्हता. स्त्रीने हाती पुस्तक धरले तर तिच्यावर वैधव्य ओढवते, अशी समजूत समाजात खोल रुजली होती. सडासंमार्जन, पूजेची तयारी, स्वयंपाकपाणी, वडीलधाऱ्यांची मर्जी राखणे एवढेच मुलींचे शिक्षण. आणि ते मात्र कसून दिले जाई. यमुनाही त्याच शिस्तीत वाढली. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे या नावाने महाराष्ट्रास परिचित झाली, आणि शेकडो स्त्रियांना विद्येच्या व सेवेच्या मार्गावर आणून सोडण्याचे कार्य तिच्या हातून घडले.

१८७३ च्या डिसेंबर महिन्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पुण्यास न्यायाधीशाच्या पदावर ते काम करीत असत, आणि विद्वान व सुधारक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. त्यांची प्रथम पत्नी निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने एखाद्या विधवेशीच विवाह करावा, अशी त्यांच्या स्नेहीमंडळींची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे रानड्यांचे काही चालले नाही. त्यांच्यावर चोहोंकडून टीका झाली. ती त्यांनी मुकाट्याने सोसली आणि आपल्या घरात आलेल्या या अजाण मुलीस सुशिक्षित करण्याचा निश्चय केला. यमुनेची रमा झाली, आणि विवाहाबरोबरच तिच्या विद्याभ्यासास प्रारंभ झाला.

दिवसा घरकाम व रात्री पाटी असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला. प्रथम मराठी मुळाक्षरे, मग वाचन व लेखन, त्यानंतर गणित, भूगोल, इतिहास आणि पुढे इंग्रजी, अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. पती शिकवीत होते व पत्नी शिकत होती. एवढ्यावरून हे सारे सुखाने चालले असेल असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नव्हती. रानड्यांच्या घरात वडीलधाऱ्या स्त्रियांचा मोठा परिवार होता, आणि त्यांना सुनेचे हे शिकणे मुळीच रुचत नव्हते. समोर टोमणे व पाठीमागे उपहास हा नित्याचाच प्रकार झाला. घरात सामानाबरोबर आलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा एखादा कपटा कुतूहलाने वाचताना रमाबाई दिसल्या, एवढेही निमित्त बोलणी बसण्यास पुरे होई. पतीची आज्ञा पाळावी तर घरची माणसे दुखावतात, घरच्यांचे ऐकावे तर पती मनातून खिन्न होतात, अशा दुहेरी पेचात या मुलीचे दिवस जात होते. तिने उलट उत्तर कोणास दिले नाही, आणि हातची पाटीही खाली ठेवली नाही.

इंग्रजी शिकविण्यासाठी एक युरोपियन बाई घरी येऊ लागल्या तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. परधर्मीय बाईजवळ बसल्याने विटाळ होतो, म्हणून धडा संपल्यावर सुनेने स्नान केल्यावाचून घरात वावरू नये, असा घरच्या स्त्रियांचा दंडक होता. रमाबाईंनी तोही पाळला. अवेळी होणाऱ्या या स्नानांमुळे पुढे त्यांना ताप येऊ लागला, तेव्हा केवळ वस्त्र बदलावे एवढ्यावर ती मंडळी राजी झाली. स्पर्शाने माणूस अपवित्र होतो ही कल्पना किती बलवत्तर होती, आणि ती अंगवळणी पडलेल्या माणसास तिच्यातून बाहेर पडणे किती कठीण होते, याचा अनुभव रमाबाईंनी असा कोवळ्या वयात घेतला. पुढे ज्या कार्यास त्यांनी हात घातला, त्यात तर रोग्याचा स्पर्श हाच सेवेचा आरंभ होता. त्या कार्यात येणाऱ्या मुलींच्या मनात काय चालले असेल हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही, याचे कारण या जुन्या अनुभवात आहे.

रानड्यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा रमाबाईंच्या विद्येची पहिली परीक्षा झाली. तेथील हायस्कुलातील समारंभास त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलाविण्यात आले. स्त्रीने चारचौघांत उभे राहून बोलावे, ही गोष्ट त्या काळी जवळजवळ अश्रुतपूर्व होती. भाषण पतीने लिहून दिले होते. पण ते वाचावयास उभे राहणे हे काही पतीला त्यांच्या ऐवजी करता येण्याजोगे नव्हते. घरातील दिव्याच्या उजेडात शिकलेले शब्द लोकांसमोर उच्चारताना निराळेच वाटतात. विद्या हाती येणे एक आणि ती वापरण्यास धीर येणे दुसरे. या दोहोंच्या मध्ये एक अवघड उंबरठा असतो. तो उंबरठा त्या दिवशी रमाबाईंनी ओलांडला.

पुढे पुण्यास परतल्यावर त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारत गेले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, तेव्हा त्या समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. १८८४ मध्ये मुलींच्या उच्च शिक्षणासाठी पुण्यात हायस्कूल निघाले. हुजूरपागेची शाळा म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच्या स्थापनेत रानड्यांचा मोठा वाटा होता. १८९३ मध्ये रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि हे दांपत्य मुंबईस राहावयास गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ काढले. भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम व हस्तव्यवसाय यांचे वर्ग त्या मंडळात चालत. आता त्या केवळ शिकणाऱ्या राहिल्या नव्हत्या. शिकविणाऱ्या झाल्या होत्या.

परंतु सुखाचे हे दिवस फार काळ टिकले नाहीत. न्यायमूर्तींना हृदयविकाराने ग्रासले. त्यांच्या अखेरच्या आजारात रमाबाईंनी रात्रीचा दिवस करून त्यांची शुश्रूषा केली. तथापि १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे देहावसान झाले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्यास आपल्या वाड्यात येऊन राहिल्या. वर्षभर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. सर्वस्व हरपलेल्या माणसाने दुःखातच बुडून जावे, यात नवल काही नाही. परंतु ज्या पुरुषाने आपल्याला अंधारातून बाहेर काढले, त्याच्यामागे पुन्हा अंधारात जाऊन बसणे ही त्याच्या स्मृतीची पूजा नव्हे, हे रमाबाईंनी ओळखले. त्या बाहेर पडल्या. न्यायमूर्तींच्या सहवासातील आठवणींचे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील आत्मचरित्रात्मक वाङ्मयात त्यास आजही मानाचे स्थान आहे.

बाहेर पडल्यावर त्यांचे पाय प्रथम वळले ते दुःखितांकडे. कारागृहातील स्त्री-बंदिवानांना भेटावे, त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, त्यांना धर्मग्रंथांतील कथा सांगाव्यात, असा परिपाठ त्यांनी ठेवला. रुग्णालयांत जाऊन फळे, फुले व पुस्तके त्या रोग्यांना देत. या भेटींतून त्यांना दिसून आले ते असे की, रुग्णालयात औषध आहे, वैद्य आहे, खाटही आहे. परंतु वेदनेने तळमळणाऱ्या स्त्रीस तिच्या भाषेत धीर देणारे, तिची लाज राखून तिचे अंग पुसणारे, वेळेवर औषध पाजणारे माणूस फार विरळा आहे.

हे असे का व्हावे? परिचारिकेच्या व्यवसायास त्या काळी आपल्या समाजात प्रतिष्ठा नव्हती. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर स्त्रीने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तोपर्यंत तिकडेही या कामास हलके मानीत असत. त्या शाळेने ही दृष्टी पालटली. परिचर्या हे अभ्यासाने व सरावाने मिळवावयाचे शास्त्र आहे, हे जगास पटू लागले. आपल्याकडे पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभे राहिले. मुंबईत कामा रुग्णालय खास स्त्रिया व मुले यांसाठी १८८६ मध्ये सुरू झाले. परंतु तेथे परिचारिका म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. हिंदू घरांतील स्त्रिया या कामाकडे फिरकत नसत. परक्या पुरुषांच्या खाटेजवळ उभे राहावयाचे, सर्व जातींच्या माणसांना स्पर्श करावयाचा, मलमूत्र काढावयाचे, रात्री घराबाहेर राहावयाचे. यांतील एकेक गोष्ट त्या काळच्या कुटुंबास अंगावर काटा आणणारी होती. आणि तरीही १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करता करता आपले प्राण वेचले होते. मन निधडे असेल तर आपल्या स्त्रियांना हे काम अशक्य नाही, याचा तो जिवंत पुरावा होता. एका थोर स्त्रीने जे केले, ते सामान्य घरातील अनेक मुलींना नित्य करता यावे, ही सोय मात्र अद्याप व्हावयाची होती.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल या समाजसेवकांच्या मनात एक कल्पना आली. भारतीय स्त्रियांसाठी एक सदन काढावे व तेथे त्यांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे, अशी ती कल्पना होती. या कार्याच्या मार्गदर्शनासाठी त्यांनी रमाबाईंकडे धाव घेतली. त्यापूर्वीच, १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषविले होते, आणि त्यांच्या शब्दास देशभर मान होता. मुंबईत सेवासदन स्थापन झाले. पाठोपाठ १९०९ मध्ये पुण्यातही सेवासदनाचे काम रमाबाईंच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामी त्यांचे निष्ठावंत सहकारी होते. पुण्याच्या सेवासदनाची १९१५ मध्ये रीतसर नोंदणी झाली. शिवण, संगीत, प्राथमिक शिक्षण, अध्यापिकांचे शिक्षण अशा अनेक शाखा तेथे निघाल्या. परंतु या सर्वांत धाडसाची शाखा होती ती परिचारिकांची.

या शाखेत येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? त्यांत कित्येक तरुण विधवा होत्या. घरात त्यांना मान नव्हता, हाती पैसा नव्हता, पुढे आयुष्य मात्र सारे पडले होते. अशा स्त्रीस चार अक्षरे शिकवून, शरीरशास्त्राची व आरोग्याची ओळख करून देऊन, रुग्णालयात उभे करावयाचे होते. पुस्तक तिला शिकविता येत होते. ताप कसा मोजावा, जखम कशी धुवावी, पट्टी कशी बांधावी, औषधाची मात्रा कशी मोजावी, या गोष्टी वर्गात बसून समजून घेता येतात. अवघड भाग त्यापुढे सुरू होतो.

वर्गात शिकलेला रोग एकच असतो व त्याची लक्षणे क्रमाने लिहिलेली असतात. वॉर्डात मात्र रोग नसतो, रोगी असतो. तो कण्हतो, रागावतो, औषध थुंकून टाकतो. कधी मध्यरात्री घराची आठवण काढून रडतो. एका खाटेजवळ पट्टी बदलावी तोच दुसऱ्या खाटेवरून हाक येते. शिकत असताना चूक झाली तर शिक्षिका हात धरून दुरुस्त करते. काम अंगावर पडल्यावर त्या चुकीचा भोग दुसऱ्याच्या देहास भोगावा लागतो. आपल्या देखत पहिला रोगी दगावतो, तेव्हा शिकलेली सारी विद्या क्षणभर निरुपयोगी वाटू लागते. त्यातही तो काळ असा की, आजच्यासारखी जंतुनाशक औषधे तेव्हा नव्हती. विषमज्वर, फुफ्फुसाचा दाह, प्रसूतीनंतरचा ताप अशा आजारांत स्वच्छता, वेळेवर दिलेले पाणी व अन्न, आणि रात्रंदिवस ठेवलेली देखरेख यांवरच पुष्कळदा रोग्याचे जीवित अवलंबून असे. परिचारिकेचे डोळे क्षणभर मिटले तर त्याची किंमत किती पडेल याचा नेम नसे.

ज्या मुलीने कालपर्यंत उंबऱ्याबाहेर एकटीने पाऊल टाकले नव्हते, तिला या साऱ्यास सामोरे जावयाचे होते. दिवसभर वॉर्डात राबून ती परत आली तर तिचे स्वागत कोठे व्हावे? पुष्कळ घरांतून विटाळाची भीती उभीच होती. शेजारपाजारच्या जिभा तर मोकळ्याच होत्या. अशा स्थितीत शिक्षण कितीही चांगले दिले तरी मुलगी थोड्याच दिवसांत ते काम सोडून घरी जाऊन बसली असती. म्हणून सेवासदनाने केवळ वर्ग काढून समाधान मानले नाही. संस्थेने तीन वसतिगृहे चालविली. त्यांपैकी एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी होते व एक शिकाऊ परिचारिकांसाठी. प्रत्यक्ष कामाचे शिक्षण त्यांना ससून रुग्णालयात मिळे. वरवर पाहता वसतिगृह ही साधी सोय दिसते. वस्तुतः या साऱ्या योजनेचा तोच कणा होता. तेथे दिवसाच्या अखेरीस, त्याच कामातून थकून आलेल्या दहाजणी एकत्र बसत. एकीची भीती दुसरीने आदल्या वर्षी अनुभवलेली असे. आपल्यालाच हे जड जाते असे नव्हे, हे एकदा कळले म्हणजे जड गोष्ट निम्मी हलकी होते. रमाबाईंना सासरी ज्या काळात असा आधार हवा होता, तेव्हा पतीवाचून तो देणारे कोणी नव्हते. जे आपणांस मिळाले नाही, ते त्यांनी या मुलींना मिळवून दिले.

समाजाची दृष्टी मात्र एकाएकी बदलत नाही. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. पारितोषिक घेण्यासाठी एक विधवा स्त्री व्यासपीठावर आली. रूढीप्रमाणे तिचे केशवपन झालेले होते, आणि अंगावर विधवेचे साधे आलवण होते. तिला पाहताच वरच्या सज्जात बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. आपल्या श्रमांनी मान मिळविलेली ती स्त्री भरसभेत लज्जित झाली. समारोप करण्यास रमाबाई उठल्या. एरवी त्यांचे बोलणे मृदू असे. त्या दिवशी मात्र त्यांच्या शब्दांना धार चढली. दुर्दैवाने व क्रूर रूढीने गांजलेल्या स्त्रीची जे थट्टा करतात, त्यांनी स्वतःला सुशिक्षित म्हणवून घ्यावे काय, असे त्यांनी त्या तरुणांना खडसावून विचारले. तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या किंवा प्रत्यक्ष आई असेल, याचे स्मरण त्यांनी त्यांना करून दिले. सभागृह स्तब्ध झाले. स्वतःवर झालेला उपहास जन्मभर मुकाट्याने सोसणाऱ्या रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनीवर झालेला उपहास मात्र एक क्षणही सोसला नाही.

यानंतरही त्यांचे कार्य अखंड चालू होते. १९१३ मध्ये गुजरात व काठेवाड या भागांत दुष्काळ पडला असता त्या साह्यार्थ तिकडे गेल्या. पुणे नगरपालिकेने मुलांप्रमाणेच मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, म्हणून त्यांनी चळवळ केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६२ मध्ये भारतीय डाक खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन हेच त्यांचे खरे स्मारक होय.

रमाबाईंच्या निधनानंतर महाराष्ट्राचे रूप पार बदलून गेले. पुण्याच्या वायव्येस पिंपरी व चिंचवड ही तेव्हा साधी गावे होती. तेथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि ज्या पेनिसिलिनच्या अभावी रमाबाईंच्या काळी असंख्य रोगी दगावत, ते आपल्याच देशात तयार होऊ लागले. त्यामागून भोसरी, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा विस्तार झाला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे कामासाठी येऊन तेथे स्थायिक झाली. याच भागात, पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे आहे. जवळच वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि परिचारिकांचे महाविद्यालयही आहे. यंत्रात हात सापडलेला कामगार, रस्त्यावर अपघात झालेला प्रवासी, प्रसूतीसाठी आलेली मजुराची बायको, तापाने फणफणलेले मूल, असे नाना प्रकारचे रोगी अशा रुग्णालयात येत असतात.

तीन किंवा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, परिषदेकडे नावाची नोंदणी करून, नवी परिचारिका आज अशा वॉर्डात पहिले पाऊल टाकते. आता तिला विटाळाची भीती कोणी घालीत नाही. तिच्या व्यवसायास कायद्याचे संरक्षण व समाजाचा मान आहे. रोगी तिला सिस्टर म्हणून आदराने हाक मारतात. परंतु शाळा व वॉर्ड यांच्यामधला उंबरठा मात्र होता तसाच आहे. पहिली रात्रपाळी तिला मोठी वाटते. एकाच वेळी अनेक खाटा, सलाइनच्या बाटल्या, इंजेक्शनांच्या वेळा, नातेवाइकांचे प्रश्न आणि डॉक्टरांच्या सूचना यांत तिचे मन गोंधळते. शिकलेले आठवत नाही; आठवले तर हात कापतो. विचारावे तर अज्ञान उघड होईल अशी लाज वाटते. अशा वेळी लाज बाजूस ठेवून विचारणे हेच शहाणपणाचे असते. औषधाची मात्रा दुसऱ्यास विचारून खात्री करून घेणाऱ्या परिचारिकेची अप्रतिष्ठा होत नाही. न विचारता चुकणाऱ्या परिचारिकेच्या रोग्याचे मात्र नुकसान होते. आणि ज्या ज्येष्ठ परिचारिकेस ती विचारते, तिचेही कर्तव्य तितकेच मोठे आहे. आपणही एके काळी अशाच भांबावलो होतो याचे स्मरण ठेवून तिने नवागत मुलीस हाताशी धरावे. सेवासदनाच्या वसतिगृहात दहाजणींच्या संगतीने जे साधले, ते आजच्या रुग्णालयात एका समंजस वडील सहकारिणीच्या शब्दाने साधते. असे साहाय्य मिळाले म्हणजे काही महिन्यांत तोच हात स्थिर होतो, तेच पाऊल निश्चयाने पडू लागते, आणि भ्यालेली मुलगी इतरांचे भय घालविणारी परिचारिका बनते.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. संत तुकाराम नगरातील त्या रुग्णालयास ज्यांचे नाव दिले आहे, ते महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्रे या गावीच झाला. ज्या गावच्या मातीत रमाबाई जन्मल्या, त्याच गावच्या पुत्राच्या नावाच्या रुग्णालयात आज परिचारिका रात्रंदिवस जागत आहेत. त्यांपैकी अनेकींना हा संबंध ठाऊकही नसेल. तो ठाऊक असलाच पाहिजे असेही नाही. ज्या वाटेने त्या सहज चालतात, ती वाट कोणीतरी टोमणे सोसून, लाज बाजूस सारून व दुसऱ्यांच्या मुलींना हात देऊन तयार केली आहे, एवढे मात्र आपण सर्वांनी कृतज्ञतेने जाणले पाहिजे. विद्या मिळविणे हे पुण्य खरे. परंतु ती दुसऱ्याच्या वेदनेजवळ नेऊन उभी करणे आणि तेथून मागे न फिरणे, हे त्याहून मोठे पुण्य होय. रमाबाई रानडे यांचे जीवन आपल्याला हेच सांगते.